उसने दात

चौदा महिने, दर गुरुवारी रात्री जेवण उरकलं की मी एक रातकिडा मारायचे.

डबी आधी दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो गारठून सुस्त होतो. मग त्याला किचन टॉवेलवर घ्यायचं आणि चमच्याच्या पाठीने डोकं दाबायचं. एकदाच, पण जोरात. मग उरलेलं शरीर लसूण चेचतो तसं चेचायचं, आतला मऊ भाग बाहेर येईपर्यंत. तो लगदा पाण्याच्या बाटलीच्या झाकणात घालायचा, दोन थेंब पाणी टाकायचं, आणि लांब चिमट्याने ते झाकण काचेच्या पेटीत डोरिसच्या तोंडाशी नेऊन ठेवायचं.

डोरिस ही टॅरंटुला आहे. मेक्सिकन रेडनी जातीची मादी: अंगाने काळी, गुडघ्यांवर शेंदरी पट्टे, पाय पसरले की माझ्या तळहाताएवढी. तिचे दात गेले होते.

व्हिडिओ कॉलवर हे ऐकून आई आधी हसली आणि म्हणाली, "चणे आहेत तर दात नाहीत म्हणायचं." तेव्हापासून दर आठवड्याला ती विचारायला लागली, "काय गं, तुझी कोळीण जेवली का?" आम्ही अलिबागचे. आमच्याकडे कोळीण म्हणजे मासे विकणारी बाई. कोळ्याची मादी म्हणून कोळीण, हा आईचा विनोद. तो विनोद मला नंतर बराच पुरला, पण ते पुढे सांगते.

*

आधी डोरिस माझ्याकडे कशी आली ते सांगायला हवं. नाहीतर वाटेल, मला विचित्र प्राणी पाळायची हौस आहे. मला नाही. मी नॉटिंगहॅममध्ये राहते, नोकरी करते, आणि भाडं परवडावं म्हणून घर शेअर करते. डोरिस माझ्या आधीच्या हाउसमेटची. तिला जर्मनीत नोकरी लागली. मेक्सिकन रेडनी ही 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. म्हणजे तिला सीमेपलीकडे न्यायचं तर परवाने लागतात, आणि ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यापासून जर्मनी हीसुद्धा सीमेपलीकडचीच झाली. "कागदपत्रं होईपर्यंत सहा महिने सांभाळशील?" असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. सहा महिन्यांचं पुढे काय होतं हे भाड्याच्या घरात राहिलेल्या कुणालाही ठाऊक असेल.

टॅरंटुला सांभाळणं तसं सोपं असतं. भुंकत नाही, फिरवायला न्यावं लागत नाही. पाण्याची वाटी भरलेली ठेवायची आणि आठवड्याला एक-दोन रातकिडे सोडायचे. ते इथे पाळीव प्राण्यांच्या दुकानात डब्यांत मिळतात. या जातीच्या माद्या वीस-पंचवीस वर्षं सहज जगतात. नर मात्र वयात आल्यावर फार काळ टिकत नाहीत.

मोठी झाल्यावरही मादी दर वर्षा-दोन वर्षांनी कात टाकते. पाठीवर उलटी पडते, पाय वर, अगदी मेल्यासारखी. मग जुनं कवच फोडून स्वतःला त्यातून ओढून काढते. कवचाबरोबर डोळ्यांवरचं आवरण, पोटाच्या आतलं अस्तर, दात, सगळं जुनं निघतं आणि खाली नवं असतं. नवे दात आधी पांढरे आणि मऊ असतात, मग लालसर, मग काळे आणि टणक. तोवर ती खात नाही.

डोरिसने माझ्याकडे पहिल्यांदा कात टाकली तेव्हा फार वेळ लागला. काहीतरी अडकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती सरळ उभी होती. मी सुटकेचा श्वास टाकला. तीन आठवड्यांनी रातकिडा सोडला. तिने झडप घातली आणि रातकिडा निसटला. पुन्हा झडप, पुन्हा निसटला. चौथ्या वेळी ती मागे सरकून कोपऱ्यात बसली आणि रातकिडा चालत चालत तिच्या पायावर चढला.

मग एका रात्री ती काचेवर चढली तेव्हा टॉर्च लावून खालून पाहिलं. जिथे दोन वाकडे काळे दात असायला हवेत तिथे दोन खुंट होते.

*

वाचलं, विचारलं, फोन केले. कळलं ते असं. दात परत येतात, पण पुढची कात टाकेल तेव्हाच. तोपर्यंत वर्ष जाईल, कदाचित दोन. टॅरंटुला महिनोनमहिने उपाशी राहू शकते, पण इतकं नाही. मात्र कोळ्याच्या खाण्यात एक गोष्ट आपल्या सोयीची असते. तो घास गिळत नाही. दातांनी भक्ष्याला भोसकतो, विष सोडतो, धरून ठेवतो; मग तोंडातून पाचक रस ओततो आणि विरघळलेलं तेवढं शोषून घेतो. म्हणजे त्याचं अर्धं पचन पोटाबाहेरच होतं. दात लागतात ते मारायला आणि धरायला. ती दोन कामं दुसऱ्या कुणी केली, तर बाकीचं तिला जमतं.

दुसरं कुणी म्हणजे मी.

पहिल्या गुरुवारी तासभर काही झालं नाही. मग तिने तोंडाजवळचे ते दोन आखूड, पायांसारखे अवयव झाकणावर टेकवले, चाचपडलं, आणि हळूहळू पुढे होऊन तोंड लगद्यात बुडवलं. सकाळी झाकणात एक कोरडी गोळी उरली होती. तिचं पोट किंचित भरल्यासारखं दिसत होतं. मला इतका आनंद झाला की ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलं. कुणाला काय बोलावं कळेना.

कृतज्ञता वगैरे काही नसते, हेही सांगून टाकते. या जातीच्या कोळ्यांना धोका वाटला की ते मागच्या पायांनी पोटावरचे केस उडवतात. ते त्वचेत घुसले की भयंकर खाज सुटते. झाकण ठेवताना माझा हात जरा हलला की डोरिस मला हे बक्षीस द्यायची. मी तिच्यासाठी कुणीच नव्हते. फार तर हवेचा एक संशयास्पद झोत.

*

आता मुद्दा. रातकिडा मारताना मला त्रास व्हायचा. पहिल्यांदा हात थरथरला, दोनदा दाबावं लागलं, आणि ती दुसरी वेळ मला अजून आठवते. मी मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण आधी तर तू जिवंत रातकिडे टाकतच होतीस की. तेव्हा काही नाही वाटलं?"

नव्हतं वाटलं. डोरिसचे दात शाबूत होते तेव्हा डबी उघडायची, रातकिडा झटकायचा, झाकण लावायचं आणि फोन बघत बसायचं. पाच मिनिटांनी पाहिलं तर ती त्याला धरून बसलेली. मी मनात म्हणायचे, तिने मारला.

या वाक्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. रातकिडा विकत कुणी आणला? मी. पळायला जागा नाही अशा काचेच्या पेटीत कुणी सोडला? मी. पेटीत काय बसलंय हे कुणाला माहीत होतं? मला. रातकिड्याच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही गुरुवार सारखेच. उलट चमच्याखाली तो क्षणात संपतो. दातांखाली जरा वेळ जातो. म्हणजे माझा त्रास त्याच्या मरणाचा नव्हता. आता ते माझ्या हाताला लागत होतं, त्याचा होता.

डोरिसचे दात मी वापरत होते, उसने घेतल्यासारखे. ते गेले तेव्हा नवं काही घडलं नाही. जे आधीपासून मी करत होते ते उघडं पडलं, इतकंच.

*

यातून सुटायला दोन वाटा मी शोधून पाहिल्या. दोन्ही तुम्हालाही सुचल्या असतील.

पहिली वाट: हा निसर्ग आहे. कोळी किडे खातो, त्यात पाप-पुण्य कसलं? हे जंगलात खरं आहे. आपल्याकडे सह्याद्रीत, आंबोलीच्या बाजूला, मातीच्या बांधांत बिळं करून राहणारे टॅरंटुला आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याचे दात कात टाकताना मोडले तर तो मरेल. मी तिथून जात असले, मला ते दिसलं, तरी मी त्याला भरवायला बांधावर मुक्काम ठोकावा असं कुणी म्हणणार नाही. त्याने खाल्लेल्या किड्यांचा हिशोबही माझ्याकडे नाही.

मग डोरिसचा का आहे? क्लेअर पामर या तत्त्वज्ञ बाईंनी २०१० साली प्राण्यांविषयीच्या नीतीवर एक पुस्तक लिहिलं, त्यात या फरकाचं उत्तर सापडतं. त्यांचा मुद्दा साधारण असा: प्राण्याला मदत करायचं कर्तव्य केवळ त्याला वेदना होतात यावरून ठरत नाही, तर त्याचं आणि आपलं नातं काय यावरून ठरतं. रानातल्या प्राण्याला आपण त्रास देऊ नये. पण त्याचं सगळं आयुष्य आपल्याला सांभाळायचं नसतं. ज्याला आपण आपल्यावर अवलंबून केलं, त्याची गोष्ट वेगळी.

डोरिसला काचेत माणसांनी ठेवलं. ती शिकार शोधायला जाऊ शकत नाही, बीळ बदलू शकत नाही. तिच्या जगातलं सगळं माझ्या हातून येतं: पाणी, उष्णता, अंधारसुद्धा. अशा जगात 'निसर्ग' म्हणून जे काही चालतं, ते माझ्या वेळापत्रकाने चालतं. गुरुवारी, जेवण झाल्यावर. म्हणजे ती वाट बंद. पण जाताजाता तिने एक गोष्ट पक्की केली: डोरिसला खायला घालणं हे माझं काम आहे, हौस नाही.

दुसरी वाट: डोरिस मोठी, रातकिडा छोटा. तिचा जीव जास्त मोलाचा. इथे मी थोडं वाचायला गेले आणि तोंडावर आपटले.

ब्रिटनमध्ये २०२२ साली प्राण्यांच्या संवेदनक्षमतेबद्दल कायदा झाला. सरकारने धोरण आखताना ज्यांना सुख-दुःख कळतं असं धरून चालायचं, त्या प्राण्यांत पाठीचा कणा असलेले सगळे आले. आणि त्यांच्याबरोबर ऑक्टोपससारखे प्राणी आणि खेकडे-कोळंबीसारखे दहा पायांचे प्राणीही आले. कोळी नाहीत, रातकिडेही नाहीत. कायद्याच्या लेखी डोरिस आणि तिचं जेवण एकाच पंक्तीला.

मग एप्रिल २०२४ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका परिषदेत शास्त्रज्ञांनी आणि तत्त्वज्ञांनी प्राण्यांच्या जाणिवेविषयी एक जाहीरनामा काढला. त्यात म्हटलंय की कणा नसलेल्या अनेक प्राण्यांनाही जाणीव असण्याची खरीखुरी शक्यता आहे. उदाहरणं दिलीत ती ऑक्टोपसवर्गाची, खेकडेवर्गाची आणि कीटकांची. रातकिडा कीटक आहे. कोळी कीटक नाही. म्हणजे त्या यादीत नाव घेऊन बसलाय तो रातकिडा, डोरिस नाही.

कोळ्यांना काहीच कळत नाही असा याचा अर्थ नाही. उड्या मारणारे छोटे कोळी झोपेत डोळे हलवतात, आपण स्वप्न पाहताना हलवतो तसे काहीसे, असं २०२२ सालच्याच एका अभ्यासात दिसलं. पण मला हवं होतं ते 'डोरिस श्रेष्ठ' असं प्रमाणपत्र. ते काही मिळालं नाही. ती मला जास्त महत्त्वाची वाटते कारण तिला नाव आहे, ती एक आहे, आणि मी तिला रोज बघते. रातकिडे डब्यात पन्नास असतात. हे कारण अगदी माणसासारखं आहे. ते न्याय्य आहे असा दावा मी करणार नाही.

*

लहानपणी शिबी राजाची गोष्ट ऐकली असेल. ससाण्याच्या भीतीने एक कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडतं. राजा त्याला अभय देतो. ससाणा म्हणतो, हे माझं अन्न आहे, तू त्याला वाचवलंस तर मी आणि माझी पिल्लं उपाशी मरणार, त्याचं काय? राजा कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस द्यायला तयार होतो. तराजूत कबुतराचं पारडं जड होत जातं, राजा कापत जातो, शेवटी स्वतःच पारड्यात बसतो. मग कळतं की ससाणा म्हणजे इंद्र आणि कबुतर म्हणजे अग्नी. परीक्षा संपते, सगळं ठीक होतं.

आम्हाला शाळेत ही कबुतरावरच्या दयेची गोष्ट म्हणून सांगितली. आता वाचताना लक्षात राहतो तो ससाणा. त्याचं म्हणणं राजा खोटं ठरवत नाही. तू हिंस्र आहेस, निघून जा, असं म्हणत नाही. त्यालाही भूक आहे, ती खरी आहे, आणि ती कुणाच्या तरी अंगाने भागणार, हे मान्य करतो. फक्त एकच करतो, ते मोल तिसऱ्याच्या अंगावर ढकलत नाही.

दिल्लीच्या दोन भावांवरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा शौनक सेन यांचा २०२२ चा माहितीपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. ऑस्करच्या नामांकनामुळे त्याचं नाव गाजलं. पतंगाच्या मांज्याने जखमी झालेल्या घारी हे भाऊ आपल्या घराच्या तळघरात बऱ्या करतात. सुरुवात कशी झाली? जखमी घार घेऊन ते पक्ष्यांच्या एका रुग्णालयात गेले आणि घार मांसाहारी म्हणून तिला तिथे घेतलं नाही. त्या रुग्णालयावर मी हसणार नाही. तिथे हजारो पक्ष्यांवर मनापासून उपचार होतात. आपल्या हातून मांसाला स्पर्श होऊ नये हे ज्यांचं व्रत आहे, त्यांनी घारीचं काय करावं हा प्रश्न अवघड आहे. पण घारीला बरं करायचं तर कुणीतरी खिमा करायला लागतो, आणि त्या भावांच्या तळघरात तो होतो. ज्यांना घार जगवायची आहे त्यांनी हात खराब करायचे. शिबी स्वतःचं मांस देतो. हे भाऊ देत नाहीत, मीही देत नाही. आम्ही दुसऱ्याचं देतो. तरी निदान कुणी मारलं याबद्दल स्वतःशी खोटं बोलत नाही.

*

आता आईचा विनोद.

अलिबागच्या बाजारात आई चिंबोऱ्या घ्यायची. चिंबोऱ्या जिवंत असतात, दोरीने बांधलेल्या. आई ओळखीच्या मावशीसमोर पिशवी धरायची आणि म्हणायची, "नांगे मोडून दे गं." मावशी कटाकट नांगे मोडून पिशवीत टाकायची. तेवढा वेळ आई दुसऱ्या पाटीतले बोंबील बघायची. मी आईचा हात धरून उभी असायचे आणि तीही दिशा शिकले. घरी आल्यावर चिंबोऱ्यांचा रस्सा व्हायचा आणि आम्ही बोटं चाटून खायचो. जिवंत चिंबोरी आमच्या घरात मी कधी पाहिली नाही.

ब्रिटनच्या कायद्याने २०२२ साली ज्यांना दुःख कळतं म्हटलं, त्यांतली ही चिंबोरी. ते वाचताना मला एकदम तो 'कट' असा आवाज आठवला.

मावशीही आमचे उसने दातच होती. फरक असा की डोरिसला आम्ही नावं ठेवत नाही. मासळीवाल्या बायका पाट्या घेऊन लोकलच्या मालडब्यात चढतात तेव्हा बाजूच्या डब्यातली माणसं नाकाला रुमाल लावतात. त्यांतले कितीतरी जण संध्याकाळी सुरमईचे तुकडे खाणार असतात, व्यवस्थित धुऊन, कापून आणलेले. जो खातो तो स्वच्छ, जो कापतो तो अस्वच्छ. खाटीक म्हणजे शिवी आणि मटण म्हणजे रविवार. आपल्याकडे हे फार जुनं आहे, आणि ते नुसतं सवयीपुरतं राहिलेलं नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कुणाला घर भाड्याने द्यायचं, इथपर्यंत ते गेलंय.

आईला मी हे फोनवर सांगितलं. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, मला भीती वाटायची नांग्यांची. चावली असती तर?" आणि थोड्या वेळाने, "तिलापण चावायच्या की. हातावर डाग असायचे तिच्या."

*

एक आक्षेप राहिलाय आणि तो सगळ्यात जड आहे. माझ्या ऑफिसातल्या एकाने तो सरळ मांडला. "तू म्हणतेस रातकिड्याला जाणीव असू शकते. आठवड्याला एक, म्हणजे वर्षाला पन्नास. ती अजून दहा वर्षं जगली तर पाचशे. एका कोळ्यासाठी? तिला फ्रीझरमध्ये ठेव. एक मरण, पाचशे वाचतील."

फ्रीझरचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. तो वेदनारहित आहे की नाही यावर एकमत नाही, पण तो मुद्दा बाजूला ठेवू. गणित म्हणून त्याचं बरोबर आहे. मी त्याला चुकीचं ठरवू शकले नाही, आजही नाही.

तरी मी तसं केलं नाही. कारण असं की तिचं जगणं माझ्या शब्दावर उभं होतं, आणि तिला मारून मी हिशोब चुकता केला असं झालं नसतं. ज्याला आपण सर्वस्वी आपल्यावर अवलंबून केलं, तो परवडेनासा झाला की त्याला संपवायचं, हे सूत्र मला कुठेच नको आहे. म्हाताऱ्या बैलाच्या बाबतीत नको, आजारी कुत्र्याच्या नको, आणि पुढे ते कुठवर जाईल याचा विचारही नको. पण म्हणून पन्नास रातकिडे शून्य होत नाहीत. कर्तव्य पार पाडलं की किंमत माफ होते, असं आपल्याला फार वाटतं. ती माफ होत नाही.

मला पटलेलं उत्तर दोन भागांत आहे. जी माझ्याकडे आहे तिला मी शेवटपर्यंत जगवीन, आणि त्यासाठी जे मरेल ते मी मारलं असं म्हणेन. आणि अशी दुसरी मी आणणार नाही. डोरिसनंतर ही पेटी रिकामी राहील. पाळावं की नाही हा प्रश्न आणण्याआधी विचारायचा असतो. आणल्यानंतर तो बदलतो, आता याचं काय देणं लागतो, असा होतो. आपण बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारायचा राहून जातो आणि मग दुसऱ्याचं उत्तर म्हणून पहिल्याचं देतो.

*

यंदा एप्रिलमध्ये तिच्या पोटावरचा केस झडलेला भाग काळा पडला. कात टाकायची वेळ जवळ आल्याची ती खूण. मी पाण्याची वाटी काठोकाठ भरली आणि पेटीवर टॉवेल टाकला. एका रविवारी पहाटे ती उलटी पडलेली दिसली. मी जवळच्या खुर्चीत बसून राहिले. करण्यासारखं काहीच नव्हतं. तीन-साडेतीन तास लागले. दुपारी ती वळली, आणि टॉर्चच्या उजेडात मला दोन पांढरे दात दिसले. अगदी दुधाचे म्हणावे तसे.

चार दिवसांनी ते लाल झाले, मग काळे. मी आईला स्क्रीनशॉट पाठवला. आईने अंगठा पाठवला आणि लिहिलं, "आता तुझी सुटका."

तीन आठवड्यांनी गुरुवारी मी डबी घेऊन पेटीसमोर उभी राहिले. आता जिवंत टाकता येणार होता. ती धरील, मी फोन बघीन. मी डबी उघडली आणि काही वेळ तशीच उभी राहिले. मेलेला दिला तरी ती खाते, हे आता मला माहीत होतं. मग जिवंत टाकायचा तो कुणासाठी? तिच्यासाठी, तिला शिकार करायला मिळावी म्हणून? की माझ्यासाठी, चमचा धुवायला लागू नये म्हणून?

त्या रात्री मी डबी फ्रिजमध्ये ठेवली आणि पंधरा मिनिटांनी चमचा काढला. पण चेचला नाही, अख्खाच दिला. बाकीचं तिचं तिने केलं.

दिवाळीत घरी जाणार आहे. आईला सांगितलंय, बाजारात मी येईन. चिंबोऱ्या घेऊ की नको ते तिथे ठरवू. घेतल्या तर मावशी नांगे मोडेपर्यंत मी बोंबिलांकडे बघणार नाही.